पहिली जहाज सहल : हौस, हिशोब आणि थोडी माहिती

जहाजाची सहल हा विषय आपल्या कौटुंबिक पानावर यावा का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आम्ही सहकुटुंब मुंबई-गोवा अशी जहाजाची सफर करून आलो, तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या महिला मंडळात दर रविवारी कुणी ना कुणी भगिनी मला बाजूला घेऊन विचारतेच. किती पैसे लागले? बोट लागली का? सासूबाईंना कसे नेले? पोहता येत नसेल तर चालते का? आणि एक प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो. आपल्यासारख्यांनी एवढा पैसा नुसत्या मौजेवर घालवावा का?

आधीच्या प्रश्नांची उत्तरे माहितीची आहेत, ती क्रमाने देते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरात बसून द्यायचे असते. तरी मला काय वाटते तेही शेवटी सांगेन. मी एका कार्यालयात हिशोब विभागात कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून जमा-खर्चातच आयुष्य चालले आहे, त्यामुळे लिहिण्यात आकडेमोड जास्त येईल, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आपल्या घरांत जहाज म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक बाबासाहेबांचा परदेश प्रवास. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला जहाजाने गेले. १९१७ साली परतताना त्यांचे ग्रंथ ज्या जहाजावर होते, ते महायुद्धातल्या पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेसाठी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले. म्हणजे आपल्या मनात जहाज हे ज्ञानासाठी आणि समाजाच्या कामासाठी. मौजेसाठी जहाज, ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे.

दुसरी आठवण कोकणच्या आगबोटीची. आमचे सासर रत्नागिरीकडचे. सासूबाई लहानपणी आईवडिलांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जात. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही बोटींची नावे त्या पिढीला तोंडपाठ आहेत. बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीला जायची. बऱ्याच ठिकाणी धक्क्याला लागायची नाही. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात बोट बंद. पुढे रस्ते झाले, एस.टी. वाढली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूक संपली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तर बोटीचे नावही कुणी काढीनासे झाले.

सासूबाई सांगतात त्या डेकच्या प्रवासाबद्दल. उघड्या डेकवर वळकटी सोडायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि रात्रभर बोटीच्या धुराचा नि ओकारीचा वास सोसायचा. पथारी टाकली की शेजारचा माणूस आधी गाव विचारायचा, मग वाडी विचारायचा. वाडीचे नाव ऐकले की आपली पथारी थोडी पलीकडे सरकवायचा. हे त्या रागाने सांगत नाहीत. बोटीची वेळ सांगावी तसे सांगतात. म्हणून मी जेव्हा जहाजाची गोष्ट काढली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "मी काय येत नाय. एकदा केला तो प्रवास पुरे झाला." त्यांना मी एवढेच सांगितले की आई, ही बोट तशी नाही.

ती तशी का नाही, हे आता सांगते. आगबोट गावाला पोहोचवण्यासाठी होती. क्रूझचे जहाज हे मुळात तरंगते हॉटेल आहे. ते कुठे पोहोचते याला कमी महत्त्व असते, त्यावर राहणे हीच सहल असते. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली 'आंग्रिया' नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले होते, पण ती सेवा टिकली नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. आम्ही त्यानेच गेलो. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले आणि बरीच वर्षे परदेशात फिरले. त्याची लांबी २११ मीटर आहे, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडी कमी. तेवढ्या लांबीवर अकरा मजले रचलेले आणि त्यावर दीड हजाराहून जास्त प्रवासी. मुलुंड स्टेशनात उभ्या लोकलकडे पाहून मनात तेवढे चित्र उभे करा, म्हणजे अंदाज येईल.

आता पैशांची बाजू. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो बहुधा सर्वांत स्वस्त खोलीचा, दोघांनी मिळून राहायचे धरून एका माणसाचा असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवा शुल्क आणि जी.एस.टी. लागतो. जगातल्या बहुतेक जहाजांची हीच पद्धत आहे. म्हणून फोनवर चौकशी करताना "भाडे किती?" असे विचारू नका. "आम्ही इतकी माणसे, मुलांची वये इतकी, सर्व कर आणि शुल्क धरून शेवटचा आकडा किती?" असे विचारा आणि तो लेखी मागून घ्या. तारीख बदलली किंवा जाणे रद्द झाले तर किती पैसे परत मिळतात, हेही त्याच वेळी विचारा. नाताळ, दिवाळी आणि लागून येणाऱ्या सुट्ट्यांना भाडे चढते. आम्ही मुलांच्या शाळेचे दोन दिवस बुडवून जानेवारीच्या अखेरीस, आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, त्यामुळे बरीच बचत झाली.

खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात. आतली खोली, जिला खिडकी नसते. समुद्राच्या बाजूची, जिला बंद काचेची खिडकी असते. त्यावर सज्जा असलेली खोली आणि सर्वांत वर मोठ्या ऐपतीच्या लोकांसाठी प्रशस्त दालने. खोली कोणतीही घेतली तरी जेवण, डेक, करमणुकीचे कार्यक्रम बहुतेक सर्वांना सारखेच. दिवसभर माणूस खोलीबाहेरच असतो. म्हणून आम्ही मुलांसाठी आणि आमच्यासाठी आतली खोली घेतली. सासूबाईंसाठी आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या नणंदेसाठी मात्र खिडकीची घेतली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खिडकीविना खोलीत दिवस की रात्र तेही कळत नाही आणि जीव घाबरा होतो.

भाड्यात काय येते आणि काय येत नाही, हे नीट समजून घ्यावे. खोली, सकाळचा नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, मुलांची खेळण्याची जागा, पोहण्याचा तलाव आणि बरेचसे कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, बाटलीबंद पेये, इंटरनेट, खास उपाहारगृहे, केस कापणे किंवा मालिश, काही खास खेळ आणि बंदरावर उतरून केलेली सहल यांचे पैसे वेगळे लागतात. जहाजावर रोख पैशांचा व्यवहार फारसा नसतो. खोलीची किल्ली म्हणून एक कार्ड मिळते आणि जे घ्याल ते त्यावर मांडले जाते. सोय चांगली आहे, पण कार्डावर मांडलेला पैसा हातातून गेलेला दिसत नाही. मी रोज रात्री स्वागत कक्षात जाऊन खात्याचा कागद मागत असे. मुलांनी काय मागवले तेही त्यात कळत असे. जहाजावर कॅसिनोही असतो. ज्या घरांनी मटक्याच्या आकड्यांपायी संसार उद्ध्वस्त झालेले पाहिले आहेत, त्यांना तिथे पाऊल ठेवू नका हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांची तयारी आठ दिवस आधी करा. प्रत्येक माणसाचे मूळ ओळखपत्र लागते, लहान मुलांचेही. आधार कार्डावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव जुळते का ते पाहा. आपल्या घरांत सासूचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नुसते 'बाई' लावून, असे नेहमी असते. ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. परदेशाची सफर असेल तर पासपोर्ट आणि लागेल तो व्हिसा हवा.

सामान विमानतळासारखे तपासले जाते. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि खोलीवर पोहोचवतात, पण त्याला काही तास लागू शकतात. म्हणून रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे आणि ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा. घरचे शिजवलेले अन्न आणि दारू वर नेऊ देत नाहीत. इस्त्री आणि पाणी तापवायची कांडीही नाही, कारण समुद्रात आगीची भीती सर्वांत मोठी. एक हलका स्वेटर मात्र घ्या. आत वातानुकूलन जोरात असते आणि रात्री डेकवर वारा झोंबतो. भारी कपडे शिवून घेण्याची काही गरज नाही. आम्ही बायका पंजाबी ड्रेस आणि साध्या साड्यांवर राहिलो, कुणी वळूनही पाहिले नाही. चपला मात्र न घसरणाऱ्या हव्यात.

मुलुंडहून जायचे कसे? सकाळची गर्दी ओसरल्यावर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. तिथून टॅक्सीने बॅलार्ड इस्टेट फार दूर नाही. बॅगा जास्त असतील आणि बरोबर वडीलधारे असतील तर घरापासूनच गाडी करा, पण वाहतुकीसाठी दोन तास हातात ठेवा. २०२५ साली इंदिरा गोदीजवळ बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले आहे. तिकिटावर दिलेली वेळ ही जहाज सुटण्याची नसून हजर राहण्याची असते. लोकल चुकली तर पुढची मिळते, जहाज चुकले की पैसे गेले.

या इंदिरा गोदीचे जुने नाव अलेक्झांड्रा गोदी. ती १९१४ साली सुरू झाली. आमचे दिवंगत सासरे गोदी कामगार होते. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी याच बंदरात पोती आणि पेट्या उचलल्या. सासूबाईंनी इतक्या वर्षांत त्यांचा डबा भरून दिला, पण गोदीच्या फाटकाच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या. बायकामाणसांना तिथे काम काय? जहाजावर चढण्याच्या पुलावर त्या मध्येच थांबल्या, खाली धक्क्याकडे पाहिले आणि मला विचारले, "ते इथंच होते ना गं?" मी हो म्हटले. मागून लोक येत होते म्हणून आम्ही पुढे झालो.

खोली पाहून पहिल्यांदा थोडी निराशा होते, हे आधीच सांगून ठेवते. जाहिरातीतल्या चित्रात ती मोठी दिसते. प्रत्यक्षात आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. जागा मात्र इंच न इंच वापरलेली. तिसऱ्या-चौथ्या माणसाची खाट भिंतीतून खाली येते, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखी. ती मुलांना द्या, गुडघेदुखीच्या माणसाला नाही. न्हाणीघर एका माणसापुरते. संडासाचे पाणी हवेच्या दाबाने ओढले जाते आणि त्याचा मोठा आवाज होतो, पहिल्यांदा ऐकून मुले दचकतात. दाराला उंच उंबरठा असला तर वडीलधाऱ्यांना आधीच दाखवून ठेवा.

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्वांना एकत्र बोलावून सुरक्षेची कवायत घेतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे, जीवरक्षक होडी कोणती, हे सर्व तिथे समजावतात. अनेक लोक कंटाळा करतात, फोनवर बोलत उभे राहतात. आपण तसे करू नये. हे नियम फुकट मिळालेले नाहीत. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ साली झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज कलंडले. तेव्हा नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर ही कवायत घेणे बंधनकारक आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर घराघरात माहीत आहे. माझे माहेर अलिबागकडचे. माझी आजी आम्हाला होडीत बसू द्यायची नाही, 'रामदास'चे नाव काढायची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या पिढीच्या मनातली भीती खोटी नव्हती. म्हणून घरातले म्हातारे माणूस घाबरले तर त्याला हसू नका. त्याला कवायतीला बरोबर न्या, लाइफ जॅकेट हातात द्या, होड्या दाखवा. आमच्या सासूबाईंनी तिथल्या मुलीला तीन वेळा विचारून पट्टा कसा बांधायचा ते शिकून घेतले, आणि त्यानंतरच त्या निवांत झाल्या. पोहता येणे मात्र मुळीच आवश्यक नाही. जहाजावरच्या निम्म्या लोकांना बहुधा येत नसावे.

आता बोट लागण्याविषयी. एवढे मोठे जहाज होडीसारखे हेलकावत नाही. त्याच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखी यंत्रे असतात, ती डुलणे कमी करतात. हिवाळ्यात अरबी समुद्र शांत असतो. तरीही काहींना पहिल्या रात्री डोके जड वाटते, पोटात ढवळते. ज्यांना एस.टी.च्या घाटात गाडी लागते त्यांनी खोली घेतानाच खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागातली मागावी, तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. उपाशी राहू नये, तुडुंब जेवू नये. डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, फोनच्या पडद्याकडे नाही. आल्याचा तुकडा, आवळा सुपारी यांनी पुष्कळांना बरे वाटते. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण तिने झोप येते आणि म्हाताऱ्या माणसाला तोल जाण्याची भीती असते. आपल्याला बोट लागते की नाही हे स्वस्तात पाहायचे असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या रो-रो बोटीने एकदा जाऊन या. ती सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. एका दिवसात परत येता येते.

मोबाइलची एक सूचना विसरू नका. किनारा सुटला की थोड्याच वेळात आपले नेटवर्क जाते. जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क फोनने आपोआप पकडले तर बिल भरमसाट येऊ शकते. म्हणून सुटतानाच फोन विमानाच्या बटणावर टाकून ठेवावा. घरी कुणी आजारी असेल तर निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. आमच्या मुलांना पहिला दिवस जड गेला. दुसऱ्या दिवशी ती आजीबरोबर पत्ते खेळत बसली.

जेवण भरपूर असते, शाकाहारी, मांसाहारी, जैन, सर्व प्रकारचे. रांगेत उभे राहून आपल्या हाताने घ्यायचे. पानात टाकू नका, पुन्हा जाऊन घेता येते. भाकरी आणि सुक्या बोंबलाची आठवण मात्र दुसऱ्या दिवसापासून येऊ लागते. गर्दीच्या वेळी टेबल अनोळखी कुटुंबाबरोबर वाटून घ्यावे लागते. आमच्याबरोबर एक गुजराती जोडपे होते. त्यांच्या वृद्ध आईची आणि आमच्या सासूबाईंची चांगली गट्टी जमली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला गुजराती येत नाही, तरी दोघींचे गुडघ्यांच्या दुखण्यावर अर्धा तास बोलणे चालले. उठताना सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "वाडी नाय विचारली गं कोणी." त्यांचे म्हणणे खरे होते. पण हेही खरे की जहाजावर वाडी विचारत नसले तरी खोलीचा मजला दिसतो. ज्याचा पैसा जास्त त्याचा समुद्र मोठा. ते पाहून आपण लहान व्हायचे कारण नाही आणि मुलांनाही होऊ देऊ नये.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागले. कंपनीच्या सहलीचे पैसे वेगळे असतात, ते न भरता स्वतः उतरून फिरता येते. आम्ही वास्कोतच राहिलो, बायनाच्या किनाऱ्यावर बसलो, बाजारात कोकमे घेतली. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. परत येण्याची जी वेळ दिली असेल तिच्या तासभर आधी धक्क्यावर या आणि घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून ठेवा. उशीर झालेल्यासाठी जहाज थांबत नाही.

सामाजिक काम करणाऱ्या माणसाची नजर चैनीतही कामगाराकडे जाते. खोली आवरणारा, ताट उचलणारा, डेक धुणारा, ही सारी बहुधा विशी-तिशीतली मुले. त्यांतली काही आपल्याच महाराष्ट्रातली. घरापासून कित्येक महिने दूर, पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर दोघा-चौघांत खोली, आणि आपण झोपलेलो असतानाही त्यांचे काम चालू. सागरी कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांतीची तरतूद आहे. खोली आवरणाऱ्या मुलाचे नाव विचारा, त्याच्याशी नीट बोला, टॉवेल जमिनीवर फेकू नका. आपल्या वडिलांनी-सासऱ्यांनी जे केले तेच काम तो करतो आहे.

इथे पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. "जहाजावर नोकरी लावतो" म्हणून पैसे घेणारे दलाल आपल्या वस्त्यांत फिरतात. हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलेल्या मुलांच्या घरातून लाख-दीड लाख उकळल्याच्या तक्रारी आमच्यासारख्यांकडे येतात. लक्षात ठेवा, नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे नियमाने मना आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, खलाशी पुस्तिका यांचा खर्च वेगळा. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. या महासंचालनालयाचे कार्यालय मुलुंडपासून तिसऱ्या स्टेशनावर, कांजूरमार्गला आहे. पैसे देण्यापूर्वी परवाना क्रमांक विचारा आणि तो तपासून घ्या. सहलीला जाऊ वा न जाऊ, एवढी माहिती प्रत्येक घरात असलीच पाहिजे.

आता तो खालच्या आवाजातला प्रश्न. मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ भगिनीने मला सरळच ऐकवले, "ताई, एवढ्या पैशांत दोन मुलींच्या वर्षाच्या फिया झाल्या असत्या." त्यांचा मान ठेवून मी तेव्हा गप्प राहिले, कारण त्यांचे बोलणे चुकीचे नव्हते. त्यांनी स्वतः पोटाला चिमटा काढून किती मुली शिकवल्या हे आम्ही पाहिले आहे. पण घरी येऊन मी विचार केला. आम्ही दीड वर्ष पतपेढीत महिन्याला ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकली होती. कर्ज काढले नाही, दागिना गहाण ठेवला नाही. मुलांच्या फिया आणि समाजाच्या कामासाठी दरमहा बाजूला काढतो ती रक्कम, दोन्ही आधी वजा केल्या होत्या. त्यानंतर जे उरले ते आमच्या कष्टाचे होते.

आपल्या लोकांनी पैसा खर्च केला की त्याला हिशोब विचारला जातो. लग्नात, डी.जे.त, मोठमोठ्या फलकांवर होणाऱ्या उधळपट्टीबद्दल तो विचारलाच पाहिजे, मीही विचारते. पण आयुष्यभर राबलेल्या माणसाने चार दिवस हात बांधून समुद्राकडे पाहत बसावे, यालाही उधळपट्टी म्हणायचे का? परतीच्या रात्री सासूबाई डेकवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. रत्नागिरीचा किनारा दिसेल असे त्यांना वाटत होते. जहाज खूप बाहेरून जात होते, दिसले ते फक्त मच्छीमार बोटींचे दिवे. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तीस वर्षं जहाजं भरली, रिकामी केली. पण बसले नाय कधी त्यात." मला त्यावर काही बोलता आले नाही. हिशोबाच्या वहीत या रकमेसमोर काय लिहायचे ते मात्र मला त्या रात्री कळले.

तेव्हा भगिनींनो, कर्ज काढून जाऊ नका, शेजारणीला दाखवण्यासाठी जाऊ नका, मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोडून तर मुळीच जाऊ नका. पण साठवून, समजून, सर्व खर्च आधी विचारून जाता येत असेल तर जरूर जा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचे गुडघे चालतात तोवर घेऊन जा. तेवढे जमत नसेल तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावर जा, मांडव्याची बोट धरा आणि आजी-आजोबांना त्यांच्या आगबोटीच्या गोष्टी सांगायला लावा. त्या सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.